वेडा राघू ते नवजात अर्भक

प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास आणि बालकांच्या आरोग्याचा अभ्यास ही विज्ञानाची दोन परस्परांपासून दूरची क्षेत्रे मानली जातात. पहिल्या क्षेत्रातील संशोधक दुर्बीण घेऊन रानात हिंडतो आणि दुसऱ्यातील संशोधक रुग्णालयात वजनकाट्यापाशी उभा असतो, अशी ढोबळ समजूत त्यामागे आहे. प्रत्यक्षात या दोन्ही क्षेत्रांची मूळ अडचण एकच आहे. पक्षी असो वा अर्भक, त्याला प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही. त्याच्यासमोर अशी परिस्थिती मांडावी लागते की, तो जे करील किंवा करायचे टाळील, त्यातूनच उत्तर वाचता यावे. विसाव्या शतकात काही मोजक्या शास्त्रज्ञांनी या साम्याच्या आधारे एका क्षेत्रातून दुसऱ्यात पाऊल टाकले. त्यांतल्या काहींना त्याचा लाभ झाला, तर काहींची त्यात मोठी फसगत झाली. मराठी विज्ञानविश्वात या वाटेने सर्वांत लांबचा पल्ला गाठणारे संशोधक म्हणजे डॉ. मिलिंद वाटवे. मुदुमलाईच्या जंगलातील हत्तींपासून सुरू झालेले त्यांचे काम वेडा राघू या पक्ष्याच्या बुद्धीपर्यंत आले आणि तेथून पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या सहकार्याने भारतीय अर्भकाच्या शरीरात मधुमेहाची बीजे का असतात, या प्रश्नापर्यंत पोहोचले. वाटवे बालरोगतज्ज्ञ नाहीत आणि बालकांविषयीचे प्रत्यक्ष मोजमाप याज्ञिकांचे आहे, हे प्रथमच नोंदवले पाहिजे. पण त्या मोजमापाला विचारलेला एक प्रश्न मात्र वर्तनशास्त्रातूनच आलेला आहे.

तो प्रश्न कोणत्या जातीचा आहे हे कळण्यासाठी निको टिनबर्गन या डच शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये केलेली मांडणी उपयोगी पडते. कोणत्याही वर्तनाबद्दल ‘असे का’ असे विचारले, तर त्या एका प्रश्नात चार निराळे प्रश्न दडलेले असतात, असे त्यांनी दाखवले. ते वर्तन या क्षणी कोणत्या चेता, स्नायू आणि संप्रेरकांमुळे घडते, हा पहिला प्रश्न; त्या जिवाच्या जन्मापासूनच्या वाढीत ते कसे घडत गेले, हा दुसरा; त्या वर्तनामुळे जगण्यात आणि प्रजननात कोणता लाभ होतो, हा तिसरा; आणि पूर्वज जातींपासून ते कसे उत्क्रांत झाले, हा चौथा. वैद्यकशास्त्र बहुधा पहिल्या दोन प्रश्नांवर थांबते आणि त्यात वावगे काही नाही, कारण रुग्णाला बरे करण्यासाठी तेवढे अनेकदा पुरते. मात्र एखादा विकार कोट्यवधी निरोगी दिसणाऱ्या माणसांच्या शरीरात जन्मापासूनच वाट पाहत बसलेला आढळतो, तेव्हा तिसरा प्रश्न टाळता येत नाही: हे शरीर नेमक्या कोणत्या आयुष्यासाठी तयार झाले आहे?

वाटवे यांच्या कामात रोग आणि वर्तन हे दोन धागे आरंभापासूनच एकत्र होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी केलेले डॉक्टरेटचे संशोधन तमिळनाडूतील मुदुमलाई अभयारण्यातील वन्य सस्तन प्राणी आणि त्यांच्या आतड्यांतील परजीवी यांच्या परस्परसंबंधांवर होते. हत्तीला भूल देऊन, रक्त काढून तपासण्याऐवजी ताज्या लिदीतील परजीवींची अंडी मोजणे ही त्यांची साधी आणि स्वस्त पद्धत होती. तिच्यामुळे प्राण्याला हात न लावता त्याच्या प्रकृतीची नोंद घेता आली. हत्तीतज्ज्ञ रमण सुकुमार यांच्यासह त्यांनी १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, ज्या नरांचे सुळे अधिक लांब, त्यांच्या शरीरातील परजीवींचा भार कमी असतो. या निष्कर्षामागे १९८२ मध्ये हॅमिल्टन आणि झुक यांनी मांडलेला एक विचार आहे: मोराचा पिसारा किंवा हत्तीचे सुळे यांसारखी खर्चिक शोभा रोगांना तोंड देऊ शकणाऱ्या नरालाच परवडते, म्हणून मादीच्या दृष्टीने ती नराच्या प्रकृतीची विश्वासार्ह जाहिरात ठरते. म्हणजे शरीरावरचे एखादे लक्षण, शरीरातला रोग आणि इतरांचे त्या प्राण्याशी वागणे या तिन्हींचा एकमेकांशी हिशेब असतो. पुढे माणसाच्या चयापचयाकडे पाहताना वाटवे यांनी हीच दृष्टी वापरली.

पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असताना वाटवे यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन वेडा राघू या पक्ष्यावर प्रयोग केले. हा हिरवा, सडपातळ, शेपटीतून दोन बारीक पिसे बाहेर आलेला पक्षी पुण्याच्या टेकड्यांवर जितका सहज दिसतो, तितकाच वडोदऱ्याच्या दक्षिणेला तरसालीच्या पुढील मोकळ्या जमिनींवर, विजेच्या तारांवर बसून माश्या आणि चतुर टिपतानाही दिसतो. तो मातीच्या उभ्या काठात आडवे बीळ खणून त्यात अंडी घालतो. त्यामुळे बिळाचे तोंड शत्रूला कळणे म्हणजे पिल्ले गमावणे, हे त्याच्या जगण्यातले मोठे संकट. घरट्याजवळ कोणी माणूस उभा असला की चोचीत भक्ष्य घेऊन आलेला पक्षी बिळात शिरायला कचरतो, हे निरीक्षण कोणालाही करता येते. वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यापुढचा प्रश्न विचारला: पक्षी केवळ माणसाच्या अस्तित्वाला घाबरतो, की त्या माणसाला आपले बीळ दिसते आहे किंवा नाही याचाही तो अंदाज घेतो? त्यासाठी माणसाला घरट्यापासून जवळपास सारख्याच अंतरावरच्या दोन जागांवर उभे केले गेले. एका जागेवरून बिळाचे तोंड दिसत होते आणि दुसरीवरून आडोशामुळे दिसत नव्हते. अंतर सारखे असूनही, बीळ दिसू शकेल अशा जागी माणूस असताना पक्षी आत शिरायला अधिक टाळाटाळ करत होते. १९९९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आणि २००२ मध्ये ‘ॲनिमल कॉग्निशन’ या नियतकालिकात या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक दुर्बीण, काही विद्यार्थी आणि भरपूर चिकाटी एवढ्या भांडवलावर उभा राहिलेला हा प्रयोग आजही वर्तनशास्त्राच्या अध्यापनात आदर्श म्हणून सांगावा इतका नेटका आहे, कारण त्यात दोन शक्यतांमधला फरक केवळ उभे राहण्याच्या जागेच्या निवडीतून वेगळा काढलेला आहे.

समोरच्याला काय दिसते, काय ठाऊक आहे, याचा अंदाज घेण्याच्या क्षमतेला ‘परमनाची जाण’ म्हणता येईल. चिंपांझीला अशी जाण असते का, हा प्रश्न प्रिमॅक आणि वुडरफ यांनी १९७८ मध्ये उपस्थित केला आणि अवघ्या पाच वर्षांत तो बालमानसशास्त्राने उचलला. १९८३ मध्ये विमर आणि पर्नर यांनी लहान मुलांसाठी एक खेळ रचला. एका बाहुलीने एका कपाटात ठेवलेली वस्तू तिच्या अपरोक्ष दुसऱ्या कपाटात हलवली जाते आणि मग मुलाला विचारले जाते की, बाहुली परत आल्यावर ती वस्तू कुठे शोधेल. तीन वर्षांच्या आसपासची बहुतेक मुले वस्तू खरोखर जिथे आहे ती जागा सांगतात. चार-पाच वर्षांची मुले बाहुलीच्या चुकीच्या समजुतीप्रमाणे पहिले कपाट दाखवू लागतात. १९८५ मध्ये बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी याच धर्तीची कसोटी स्वमग्न मुलांना दिली आणि त्यांतील बहुतेकांना ती अवघड जाते असे दाखवले. वानरांसाठी विचारलेला प्रश्न बालकांच्या निदानशास्त्रापर्यंत पोहोचण्यास एवढीच वर्षे लागली, हे या दोन क्षेत्रांच्या जवळिकीचे ठळक उदाहरण आहे. वेडा राघूला माणसासारखी परमनाची जाण आहे असे मात्र या प्रयोगांतून सिद्ध होत नाही. दृष्टिरेषेचा अचूक अंदाज आणि दुसऱ्याच्या मनाची कल्पना यांत अंतर आहे आणि ते पुसून टाकण्याची घाई करणे शास्त्राला मानवत नाही.

अशा घाईची किंमत किती मोठी असते, हे खुद्द टिनबर्गन यांच्या उत्तरायुष्यातून कळते. कुरव पक्षी आणि काटेरी ‘स्टिकलबॅक’ मासा यांच्या निरीक्षणातून वर्तनशास्त्राचा पाया घालणाऱ्या टिनबर्गन यांना १९७३ मध्ये कार्ल फॉन फ्रिश आणि कोनराड लॉरेन्झ यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांचे नोबेल व्याख्यान पक्ष्यांवर नव्हते. त्याचा एक मोठा भाग बालपणीच्या स्वमग्नतेवर होता. कुरव पक्ष्यांत हल्ला करण्याची आणि पळून जाण्याची प्रवृत्ती एकाच वेळी जागी झाली की पक्षी मधल्याच काही विचित्र हालचाली करतो, हे त्यांनी अनेक वर्षे पाहिले होते. स्वमग्न मुलाचे नजर टाळणे आणि अलिप्त राहणे हेही माणसांजवळ जाण्याची ओढ आणि त्यांची भीती यांच्या द्वंद्वातून येते, असे त्यांना आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांना वाटले. निरीक्षण सूक्ष्म होते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष, म्हणजे या अवस्थेच्या मुळाशी बऱ्याच अंशी आईवडिलांचे वागणे आणि आधुनिक जीवनाचा ताण आहे हा, टिकला नाही. १९७७ मध्ये फोलस्टीन आणि रटर यांनी जुळ्या मुलांच्या अभ्यासातून स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दाखवले आणि नंतरच्या संशोधनाने ते अधिकाधिक पक्के केले. तोपर्यंत आपल्याच वागण्याने मूल असे झाले, हा अपराधीपणा अनेक आयांच्या वाट्याला येऊन गेला होता. टिनबर्गन यांच्या स्वतःच्या चार प्रश्नांच्या भाषेत सांगायचे, तर त्यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवले: वर्तन या क्षणी कसे घडते याच्या वर्णनालाच ते मुळात कसे उद्भवले याचे कारण मानले. प्राण्यांकडून बालकांकडे येणाऱ्या प्रत्येक संशोधकाने हा प्रसंग समोर ठेवायला हवा, कारण इथे चूक झाली तर तिचा भार शास्त्रज्ञावर नव्हे, तर कुटुंबांवर पडतो.

आता पुण्याच्या परिसरातील अर्भकांकडे वळता येईल. १९९३ मध्ये याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ सुरू केला. लग्न झालेल्या तरुण स्त्रियांची गर्भधारणेपूर्वीच नोंद घ्यायची, गरोदरपणात त्यांचा आहार, श्रम आणि रक्त तपासायचे, जन्मलेल्या बाळाची काटेकोर मोजमापे घ्यायची आणि मग त्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा करायचा, अशी त्याची रचना होती. या स्त्रियांचे सरासरी वजन साधारण ४२ किलो आणि उंची दीड मीटरच्या थोडी वर होती. त्यांतील बहुतेक शेतात राबणाऱ्या आणि मुख्यतः शाकाहारी जेवणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. एवढ्यावरून पुण्याची बाळे सर्वच बाबतींत लहान असतील, असे वाटणे साहजिक होते. पण मोजपट्टीने आणि त्वचेची घडी मोजणाऱ्या चिमट्याने वेगळेच चित्र समोर आणले. दंडाचा घेर म्हणजे स्नायू आणि पोटाचा घेर म्हणजे यकृतादी इंद्रिये यांत ही बाळे फारच मागे होती, उंचीत त्याहून कमी मागे होती आणि पाठीवरच्या त्वचेखालील चरबीत तर सर्वांत कमी मागे होती. वजनाने हलके आणि तरीही चरबीने भरलेले असे हे बाळ, ज्याला याज्ञिकांनी ‘कृश-स्थूल भारतीय अर्भक’ असे नाव दिले, वैद्यकाच्या रूढ समजुतींना धक्का देणारे होते. २००२ च्या आणखी एका अभ्यासात नाळेतील रक्त तपासले, तेव्हा पुण्याच्या बाळांत लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्सुलिनची पातळीही जास्त आढळली.

इन्सुलिन हे स्वादुपिंडातून स्रवणारे संप्रेरक स्नायूंना आणि चरबीच्या पेशींना रक्तातील साखर आत घेण्याचा संदेश देते. हा संदेश पेशींनी पुरेसा मानला नाही, तर त्या अवस्थेला इन्सुलिन-रोध म्हणतात. शरीर सुरुवातीला अधिक इन्सुलिन स्रवून वेळ मारून नेते आणि पुढे ते न साधल्यास रक्तातील साखर वाढते, असे प्रचलित विवेचन आहे. भारतीय प्रौढांत हा विकार युरोपीय प्रौढांपेक्षा कमी वजनाला आणि कमी वयात दिसतो. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मित्र-संशोधकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे आणि मोजमापे छापली होती. दोघांचाही देहभार निर्देशांक, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ असा अगदी सारखा होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्यात २१.२ टक्के भरले. शास्त्रीय नियतकालिकाच्या पानावर स्वतःचे शरीर पुरावा म्हणून ठेवणाऱ्या या नोंदीमुळे पुण्याच्या नवजात बालकांतील विसंगती प्रौढ वयातही कशी टिकते, ते जगाला एका दृष्टिक्षेपात कळले.

ही विसंगती का, याची दोन उत्तरे तोवर प्रचलित होती. जेम्स नील यांनी १९६२ मध्ये ‘काटकसरी जनुक’ ही कल्पना मांडली: दुष्काळ वारंवार येणाऱ्या काळात मिळेल तेव्हा चरबी साठवणारी माणसे टिकली आणि तीच प्रवृत्ती सुबत्तेच्या काळात घातक ठरली. १९९२ मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी जनुकाऐवजी गर्भाकडे लक्ष वेधले. गर्भात पोषण कमी मिळाले की ते मूल पुढेही टंचाईच येणार असे गृहीत धरून काटकसरी शरीर घडवते आणि पुढे भरपूर खायला मिळाले की अडचणीत येते, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही कल्पना आकर्षक आहेत आणि त्यामुळेच त्यांची परीक्षा पुरेशी झाली नव्हती. वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये गणिती प्रारूप रचून ती परीक्षा घेतली. काटकसरी आणि बिनकाटकसरी अशी दोन्ही जनुके एकाच लोकसंख्येत स्थिरपणे नांदू शकत नाहीत, असा त्या प्रारूपाचा एक निष्कर्ष होता. दुसरा अधिक मूलगामी होता. गर्भाने पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधायचा, तर जन्माच्या वेळची परिस्थिती आणि आयुष्यभराची परिस्थिती यांत सांगड असायला हवी. पण दुष्काळ येतात आणि जातात, दुष्काळी वर्षात जन्मलेल्याच्या नशिबी पुढेही दुष्काळच असतो असे नाही. मग गर्भाला आगाऊ सूचना देण्याइतकी स्थिर गोष्ट कोणती? दुष्काळापेक्षा सामाजिक स्थान अधिक स्थिर असते, हे त्यांचे उत्तर. दुर्बळ आणि दबलेल्या आईच्या मुलाला बहुधा तसेच आयुष्य मिळते आणि ही सांगड मर्कटकुळापासून माणसापर्यंत सर्वत्र आढळते. पावसाच्या अनिश्चिततेपेक्षा समाजातील उतरंड अधिक निश्चित असते, हा निष्कर्ष भारतीय वाचकाला अस्वस्थ करणारा आहे, आणि तो तसा असायलाच हवा.

या विचाराची पूर्वपीठिका वाटवे आणि याज्ञिक यांनी २००७ मध्ये ‘बीएमसी इव्होल्यूशनरी बायॉलॉजी’ या नियतकालिकात एकत्र लिहिलेल्या निबंधात आहे. त्यात इन्सुलिन-रोध हा बिघाड नसून मुळात वर्तन बदलण्याची कळ असावी, अशी कल्पना मांडली आहे. ही कळ दोन स्थित्यंतरे घडवते. पहिले प्रजननाचे: जिथे गर्दी आणि स्पर्धा वाढते, तिथे पुष्कळ अपत्यांपेक्षा थोड्या अपत्यांवर अधिक गुंतवणूक करणे फायद्याचे ठरते. दुसरे जगण्याच्या रीतीचे: स्नायूंच्या बळावर जगणारा योद्धा आणि बुद्धीच्या बळावर तडजोडी करत जगणारा मुत्सद्दी या दोन भूमिकांपैकी दुसरीकडे झुकणे. इन्सुलिन-रोधाचे ज्ञात परिणाम या दोन्ही स्थित्यंतरांशी जुळतात. स्नायूंना साखर घेण्यासाठी इन्सुलिनची गरज असते, पण मेंदूला बहुतांशी ती नसते. म्हणून स्नायूंनी संदेश झिडकारला की साखर मेंदूकडे वळते. गरोदरपणात निरोगी स्त्रीतही काही प्रमाणात इन्सुलिन-रोध येतोच आणि त्यामुळे वारेतून गर्भाला अधिक पोषण मिळते. त्याच वेळी, बीजांड सुटण्याचे प्रमाण इन्सुलिन-रोधात घटते, म्हणजे अपत्यसंख्या कमी आणि प्रत्येक अपत्यामागची गुंतवणूक जास्त.

या चौकटीत कृश-स्थूल बाळाकडे पाहिले की तिसऱ्या प्रश्नाला उत्तराची एक दिशा मिळते. जन्मतःच स्नायू कमी असलेल्या शरीराला योद्ध्याची भूमिका पेलवणारी नसते. अशा शरीराने आपली साधनसामग्री मेंदूकडे वळवावी आणि हाणामारीपेक्षा सामोपचाराने जगावे, हे त्याच्या दृष्टीने सयुक्तिक ठरते. नवजात बालकाचा मेंदू विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या निम्म्याहून अधिक ऊर्जा वापरतो. त्यामुळे इंधनाची वाटणी कोणाच्या बाजूने होते, हा प्रश्न बालवयात प्रौढांपेक्षा कितीतरी अधिक निर्णायक आहे. मुत्सद्दी होण्याची ही सोय माणसाच्या पूर्वजांत सौम्य होती आणि तिला शरीरश्रमाचा तोल होता. आजच्या जगात शारीरिक आक्रमकता आणि धावपळ जवळजवळ नाहीशी झाल्यामुळे तीच कळ एका टोकाला अडकून बसते आणि तिथून विकार सुरू होतो, असे हे गृहीतक सांगते.

२०१० मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलेल्या आणखी एका निबंधात वाटवे यांनी हे विवेचन जखमांपर्यंत नेले. झुंजणाऱ्या प्राण्याला जखमा होणार हे गृहीत असते, म्हणून त्याची संरक्षक यंत्रणा कातडीजवळ सज्ज राहते; झुंजीचे संकेत पूर्णपणे थांबले की ती आतल्या ऊतींकडे सरकते, तिथे मंद दाह धुमसत राहतो आणि बाहेरच्या जखमा भरायला उशीर लागतो. मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम आणि उंदरांच्या कळपातील मारामाऱ्या यांना एका वाक्यात आणणारी ही मांडणी वर्तनशास्त्रज्ञालाच सुचण्यासारखी आहे. या सर्व विचारांचा एकत्रित विस्तार त्यांच्या २०१३ च्या इंग्रजी ग्रंथात आहे, ज्याच्या नावात कबुतरे, मुत्सद्दी आणि मधुमेह हे तिन्ही शब्द येतात.

वैद्यकाच्या मुख्य प्रवाहाने हे गृहीतक स्वीकारलेले नाही आणि त्यासाठी सबळ कारणेही आहेत. माणसाच्या आक्रमकतेचे मोजमाप कठीण, तिचा चयापचयाशी असलेला संबंध अनेक पदरी आणि दीर्घकाळ चालणाऱ्या मानवी चाचण्यांचा अभाव मोठा. तरीही टिनबर्गन यांच्या स्वमग्नतेच्या सिद्धान्तापेक्षा ते एका बाबतीत निराळे आहे: ते खोटे ठरवण्याच्या जागा त्यानेच दाखवून दिल्या आहेत. स्थूलता हेच इन्सुलिन-रोधाचे मूळ असेल, तर दोहोंतील संबंध घट्ट असायला हवा. प्रसिद्ध आकडेवारी एकत्र करून २०१७ मध्ये वाटवे आणि सहकाऱ्यांनी तो अपेक्षेहून बराच सैल असल्याचे दाखवले. इन्सुलिनच उपाशीपोटीच्या साखरेची पातळी ठरवत असेल, तर ज्या उंदरांत इन्सुलिनचा संदेश ठरावीक ऊतींत बंद पाडला आहे, त्यांची उपाशीपोटीची साखर वाढलेली असली पाहिजे. २०२० च्या त्यांच्या शोधनिबंधात अशा अनेक प्रयोगांचा ताळा घेऊन तसे सर्वत्र आढळत नाही, असे मांडले आहे. गृहीतक उद्या कोसळले, तरी या तपासण्यांतून प्रचलित समजुतींतली जी फट दिसली, ती बुजवण्याचे काम शिल्लक राहीलच. विज्ञानात एवढे योगदानही थोडे नाही.

बालकांच्या बाबतीत प्राण्यांवरील प्रयोगांनी आणखी एका दिशेने प्रकाश टाकला आहे. २०१५ मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि याज्ञिकांचाही सहभाग असलेल्या संशोधनात ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास होता. त्यांच्यात इन्सुलिन-रोध होता, ब-१२ जीवनसत्त्व कमी होते आणि दोन पिढ्या भरपेट खायला घालूनही हे दोष दूर झाले नाहीत. पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार एका पिढीच्या जेवणाने फिटत नाही, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणे माणसांवर कधीच शक्य झाले नसते. ब-१२ चा धागा पुण्याच्या अभ्यासातही होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील निम्म्याहून बऱ्याच अधिक गरोदर स्त्रियांत हे जीवनसत्त्व कमी होते आणि ज्या मातांत ब-१२ कमी पण फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-रोध सर्वाधिक आढळला. गरोदरपणात लोहासोबत फोलिक आम्लाच्या गोळ्या सर्रास दिल्या जाणाऱ्या देशात हा निष्कर्ष धोरणकर्त्यांनी गांभीर्याने घेण्याजोगा आहे.

त्याची पुढची पायरी अधिक धाडसी होती. १९९३ नंतर सहा खेड्यांत जन्मलेली बाळे २०१२ मध्ये सतरा वर्षांच्या आसपासची झाली होती. त्यांनाच, म्हणजे पुढच्या पिढीच्या भावी आईवडिलांना, गर्भधारणेच्या कितीतरी आधीपासून रोज २ मायक्रोग्रॅम ब-१२, काहींना त्याच्या जोडीला इतर सूक्ष्म पोषकद्रव्ये आणि काहींना तुलनेसाठी निष्क्रिय गोळी देणारी चाचणी सुरू झाली. त्यांच्या मुलांत परिणाम झाला की नाही, हे केवळ वजनकाट्यावर कळणारे नव्हते. मुले काय करतात, हे पाहणे भाग होते. त्यासाठी बेली यांची अर्भकविकास मापनश्रेणी वापरली गेली, जिच्यात परीक्षक मुलासमोर ठोकळे, घंटा, आरसा किंवा चित्र ठेवतो आणि मूल काय करते त्याची नोंद घेतो.

या मापनश्रेणीचा भारतीय इतिहास वडोदऱ्याशी जोडलेला आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेतील बालविकास विभागात प्रमिला फाटक यांनी महिन्यापासून तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास करून बेली श्रेणीचे भारतीय मानदंड तयार केले, जे ‘बडोदा मानदंड’ म्हणून ओळखले जातात. परदेशी मूल अमुक वयात बसते म्हणून भारतीय मुलाला मागासलेले ठरवण्याची चूक त्यामुळे टळली. त्या श्रेणीतून निवडलेल्या ५४ बाबींची ‘बडोदा विकास चाळणी’ १९९१ मध्ये ‘इंडियन पिडिॲट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाली आणि बडोदा मानदंडांतूनच तिरुअनंतपुरमच्या बालविकास केंद्राने १७ बाबींचा तक्ता काढला, जो थोड्या प्रशिक्षणानंतर आरोग्य कार्यकर्तीलाही वापरता येतो. तरसालीतली एखादी अंगणवाडी सेविका मूल मान धरते का, आवाजाकडे वळते का, आधाराशिवाय उभे राहते का, असे पाहते, तेव्हा ती नेमके तेच करत असते, जे बिळासमोर उभ्या राहिलेल्या निरीक्षकांनी पक्ष्यांच्या बाबतीत केले होते: कृतीतून उत्तर वाचणे.

पुण्याच्या चाचणीतील मुलांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मातांना गर्भधारणेपूर्वीपासून फक्त ब-१२ मिळाले होते, त्यांच्या सुमारे दोन वर्षांच्या मुलांची आकलन आणि भाषा या दोन विभागांतील कामगिरी निष्क्रिय गोळी घेतलेल्या मातांच्या मुलांपेक्षा चांगली होती.